बाकर, बारीक हो ना!

आपलं डाएट सोमवारी सुरू होतं आणि बुधवारी संपतं. घरातल्या गुबगुबीत मांजराचं डाएट इतक्या सहज घेऊन चालत नाही. तिथे घाई केली, तर थेट त्याच्या जिवावर बेततं. स्वतःच्या चुकीतून शहाण्या झालेल्या एका मांजरवालीची ही नऊ महिन्यांची डायरी...

तर झालं असं, की जूनमधल्या एका रविवारी बाकरला लस द्यायला न्यायचं होतं. कॅरिअर उघडलं. आधी डोकं आत गेलं, मग पुढचे दोन पाय गेले आणि पोटापाशी गाडी अडली. मी मागून ढकलतेय, माझी फ्लॅटमेट पुढच्या जाळीतून चिकनचा तुकडा दाखवतेय आणि बाकर दोघींकडे 'काय चाललंय तुमचं?' अशा नजरेने बघतोय. शेवटी झिप तुटली. साहेब शांतपणे बाहेर आले, चिकनचा तुकडा खाल्ला आणि सोफ्यावर आडवे झाले.

मग कपड्यांच्या बास्केटमध्ये त्याला बसवलं, वरून ओढणी बांधली आणि रिक्षा पकडली. पौड रोडच्या सिग्नलला रिक्षावाले काका मागे वळून म्हणाले, "ताई, वाघ पाळलाय का काय?"

आम्ही दोघी खूप हसलो. डॉक्टरांच्या काट्यावर आकडा आला तेव्हा मात्र हसू गेलं. ७.२ किलो!

"अहो, त्याची हाडंच मोठी आहेत," मी म्हटलं.

डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी माझा हात धरून बाकरच्या कुशीवर ठेवला. "बरगड्या सापडतात का बघा."

मी चाचपडले. थोडं दाबून पाहिलं. नाही सापडल्या.

लॉकडाऊनचं बाळ

बाकर आमच्याकडे आला २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एका बंद पडलेल्या स्कूटरखाली बसून ओरडत होता. वीतभर जीव, नारिंगी पट्टे, अंगाची गुंडाळी केलेली. फ्लॅटमेट म्हणाली, "सेम बाकरवडी!" बारसं तिथेच झालं. बाकरवडीचा पुढे लाडाने बाकर झाला.

तेव्हा त्याच्या बरगड्या बोटांनी मोजता यायच्या. त्यामुळे 'खा रे राजा' हे आमच्या घरचं ब्रीदवाक्य झालं. आठव्या महिन्यात नसबंदी केली. ती करायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. पण ऑपरेशननंतर मांजराची उष्मांकाची गरज साधारण पाव हिश्शाने कमी होते आणि भूक मात्र वाढते. त्याच वेळी खाणं मोजून द्यायला सुरुवात करायची असते. आम्ही काय केलं? ड्राय फूडचा वाडगा काठोकाठ भरून ठेवला. चोवीस तास. बुफे!

त्यात वर्क फ्रॉम होम. हिंजवडीचं ऑफिस डायनिंग टेबलवर आलं आणि बाकर लॅपटॉपशेजारी. मी प्रत्येक कॉलनंतर कॉफी करायला उठायचे, तोही उठायचा. मला बिस्कीट, त्याला ट्रीट. माझी जीन्स घट्ट झाली ते मला लगेच कळलं. त्याला जीन्स नाही, म्हणून कळायला चार वर्षं गेली.

गुबगुबीत म्हणजे हेल्दी?

आपल्याकडे गुटगुटीत बाळाचं जेवढं कौतुक, तेवढंच जाड्या बोक्याचं. 'खात्यापित्या घरचा दिसतोय' ही काँप्लिमेंट असते. १९७८ साली जिम डेव्हिस यांच्या कॉमिक स्ट्रिपमधून आलेला गारफिल्ड तर जाडेपणावरच जगभर फेमस झाला. लसान्या खायचा, सोमवारला शिव्या घालायचा. आपल्यातलाच वाटायचा!

पण खरी मांजरं कार्टून नसतात. ऑस्ट्रेलियातला हिमी नावाचा बोका २१.३ किलोंचा होता. १९८६ मध्ये, दहाव्या वर्षी तो गेला. श्वसनाचा त्रास हे कारण होतं. पुढे गिनीज बुकाने 'सर्वांत वजनदार मांजर' हा विक्रमच घेणं बंद केलं, कारण नाव यावं म्हणून लोक प्राण्यांना मुद्दाम चारतील ही भीती होती.

डॉक्टरांनी बाकरला नऊपैकी आठ मार्क दिले. इथे जास्त मार्क म्हणजे नापास. या मोजपट्टीत पाच म्हणजे आदर्श आणि पुढचा प्रत्येक मार्क म्हणजे साधारण दहा टक्के जादा वजन. म्हणजे बाकर तीस टक्के जास्त होता. त्याचं वजन ५.५ किलोंच्या आसपास हवं होतं.

"सत्तर किलोंचा माणूस एक्क्याण्णव किलोंचा झाला, असं समजा," डॉक्टर म्हणाले. अशा मांजरांना मधुमेह, सांधेदुखी आणि लघवीचे त्रास होण्याची शक्यता वाढते. पाठीपर्यंत जीभ पोचत नाही, म्हणून अंग नीट चाटता येत नाही. मग केसांच्या गाठी आणि कोंडा. बाकर सहा महिन्यांपासून खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारत नव्हता. आम्हाला वाटत होतं, वयानुसार समंजस झाला!

भुकेला कोंडा, निजेला धोंडा

आता माझा मूर्खपणा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "आधी रक्ततपासणी करू, मग डाएट ठरवू. घाई करू नका." पण मी आयटीवाली. टार्गेट दिसलं की डेडलाइन टाकायची सवय. घरी येताना स्वतःच्या मनाने 'लाइट' लिहिलेलं एक पाकीट उचललं. जुनं खाणं त्याच दिवशी कपाटात कुलूपबंद. नवीन खाणं, तेही निम्मं. त्यात पाऊस म्हणून बाहेरचं दारही बंद.

पहिल्या दिवशी बाकरने वाडगा हुंगला आणि पंजाने फरशी उकरून त्यावर माती टाकण्याची ॲक्शन केली. म्हणजे रिजेक्ट. मी म्हटलं, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, भूक लागली की झक मारत खाईल! आपल्या आजीपासून सगळ्यांनी आपल्यावर हाच फंडा वापरलाय.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात रिलीज होतं. रात्री अकराला आले तेव्हा वाडगा तसाच भरलेला. "बघू कोण जिंकतं," मी त्याला म्हणाले. हे वाक्य मला आजही आठवतं आणि लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो दाराशी आला नाही. पलंगाखाली कोपऱ्यात बसला होता. शेजारी उलटी. मी नाव घेऊन हाक मारली, त्याने मान वर केली नाही. जो प्राणी फ्रिजचं दार उघडल्याच्या आवाजावर झोपेतून उठायचा, त्याच्यासमोर मी उकडलेलं चिकन धरलं आणि त्याने तोंड फिरवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या कानाची आतली बाजू दाखवली. हलकी पिवळी झाली होती. रक्तात लिव्हरचे आकडे वर गेले होते.

मांजराचं शरीर आपल्यासारखं नसतं, हे मला त्या दिवशी समजलं. खाणं बंद झालं की अंगावरची चरबी सुटून लिव्हरकडे धावते. मांजराच्या लिव्हरला एवढी चरबी एकदम पचवता येत नाही, ती तिथेच साचते आणि लिव्हर काम करेनासं होतं. याला हिपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. मांजर जितकं जाड, तितका धोका मोठा. दोन-तीन दिवसांचा उपासही पुरतो आणि उपचार झाले नाहीत तर मांजर जातं. म्हणजे मी ज्याला डाएट समजत होते, ते बाकरसाठी विष होतं.

तीन दिवस सलाइन लागलं. दर तीन-चार तासांनी सिरिंजने पातळ खाणं. मी सुट्टी टाकली. मॅनेजरने कारण विचारलं, मी खरं सांगितलं, तिकडे दोन सेकंद शांतता. चौथ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात ओळखीचा कर्कश आवाज आला. बाकर ओट्याखाली बसून खायला मागत होता. मी तिथेच फरशीवर बसून रडले.

"वेळेत आणलंत. अजून उशीर केला असतात, तर नळीने खायला घालायची वेळ आली असती. तेही किती आठवडे, सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "आता महिनाभर डाएटचं नाव काढायचं नाही."

दोनशे कॅलरींचं बजेट

जुलै संपता संपता रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले आणि आम्ही पुन्हा सुरुवात केली. या वेळी शहाण्यासारखी.

पहिला नियम, स्पीड लिमिट. मांजराने आठवड्याला वजनाच्या अर्धा ते दोन टक्केच कमी व्हायचं. ७.१ किलोंच्या बाकरसाठी एक टक्का म्हणजे ७१ ग्रॅम. साबणाच्या एका छोट्या वडीएवढं! दोन टक्क्यांच्या वर गेलं, तर शाबासकी नाही, डॉक्टरांना फोन.

दुसरा नियम, हिशोब आजच्या वजनाचा नाही, हव्या असलेल्या वजनाचा. ५.५ किलोंच्या मांजराला नुसतं जगायला दिवसाला साधारण २५० कॅलरी लागतात. त्याच्या ८० टक्के, म्हणजे २०० कॅलरी, हे बाकरचं बजेट ठरलं. आमच्या पाकिटावरच्या आकड्यांप्रमाणे वाटणी अशी झाली: ३० ग्रॅम ड्राय फूडच्या ११० कॅलरी, एका पाऊचच्या ७० आणि उरलेल्या २० कॅलरींत दहा-बारा ग्रॅम उकडलेलं चिकन. बिनमिठाचं, आणि कांदा-लसूण अजिबात नाही, कारण दोन्ही मांजरांसाठी विषारी असतात. (तुमच्या मांजराचा आकडा वेगळा असेल. तो तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. नेहमीचंच खाणं फार कापलं तर पोषण कमी पडतं, म्हणून अनेकदा ते जास्त प्रोटीनचं खास डाएट फूड देतात.)

३० ग्रॅम म्हणजे किती, हे पहिल्यांदा किचनच्या काट्यावर पाहिलं तेव्हा धक्काच बसला. जेमतेम मूठभर. आम्ही आधी 'अंदाजे एक वाटी' घालायचो. अंदाजे या शब्दानेच घात केला होता!

तिसरा नियम, बदल हळू. नवीन खाणं जुन्यात आधी पाव, मग अर्धं, मग पाऊण, असं आठ-दहा दिवस मिसळत नेलं. आणि दोन जेवणांऐवजी चार छोटी जेवणं. वेट फूडमध्ये पाऊण हिस्सा पाणीच असतं, त्यामुळे तेवढ्याच कॅलरींत पोट जास्त भरतं.

दिवाळीला आई सांगलीहून आली. तिचं म्हणणं, "एवढं कशाला? दूधभात घाल, हलका असतो." मांजर मुळात पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं की डोळे जातात आणि हृदयही बिघडतं. हृदयाचा हा संबंध कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवून दिला आणि त्यानंतर कंपन्यांनी मांजरांच्या खाण्यात टॉरिन वाढवलं. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. आईला हे पटलं की नाही माहीत नाही, पण सायीचं पातेलं तिने वरच्या फळीवर ठेवायला सुरुवात केली.

समोरच्या फ्लॅटचं रहस्य

पण त्याआधीची, ऑगस्टची गोष्ट राहिली. सगळं ग्रॅमवर मोजून तीन आठवडे झाले आणि काटा हलेना. ७.१, ७.१, ७.१. एक्सेल शीट बनवली, ग्राफ काढला. सरळ रेष! डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "तो अजून कुठे जेवतो?"

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक आजोबा राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. आजी चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा अमेरिकेत, मुलगी नाशिकला. संध्याकाळी आमचं दार उघडलं की बाकर समोर जाऊन बसतो, हे माहीत होतं. आम्हाला वाटायचं, गप्पा मारायला जातो.

एका संध्याकाळी मी त्याच्या मागे गेले. आजोबांच्या टीपॉयवर दोन बश्या होत्या. एकीत त्यांचा चहा, दुसरीत दूध. आजोबा मारी बिस्कीट दुधात बुडवून, मऊ करून एकेक तुकडा बाकरला देत होते. चार बिस्किटं. रोज.

मी मनात गणित केलं. चार बिस्किटांच्या साधारण शंभर कॅलरी, दुधाच्या साठ-पासष्ट. बाकरच्या बजेटच्या पाऊण भागाहून जास्त! त्याला एक बिस्कीट म्हणजे आपल्याला जवळजवळ एक वडापाव. बोलता बोलता हेही कळलं, की जूनमध्ये बाकर आजारी पडला त्या दिवसांत आजोबा नाशिकला गेले होते. एरवी माझा उपासाचा हट्ट त्यांच्या बशीने हाणून पाडला असता.

मी म्हटलं, "आजोबा, त्याला हे चालत नाही हो. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय."

त्यांनी हातातला तुकडा बशीत ठेवला. "बरं," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मग आता तो कशाला येईल गं?"

बाकरचं वजन आठवड्याला सत्तर ग्रॅम कमी व्हावं म्हणून मी या माणसाच्या संध्याकाळी काढून घेत होते. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी बाकरच्या दिवसाच्या खाण्यातलं दहा ग्रॅम ड्राय फूड आणि चिकन एका छोट्या डबीत भरलं आणि आजोबांकडे गेले. "आजोबा, संध्याकाळचं जेवण तुमच्याकडे. पण एवढंच. आणि एक काम आहे, जमेल का?"

"सांग की."

"रविवारी त्याचं वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. मला आठवणीत राहत नाही."

आजोबा बँकेतून रिटायर झालेत. त्यांनी लाल कापडी पाठीची वही काढली, पट्टीने रकाने आखले. तारीख, वार, वजन, फरक, शेरा. बाथरूमच्या काट्यावर आधी मी बाकरला घेऊन उभी राहायचे, मग एकटी आणि वजाबाकी करायचो. त्यात चुका व्हायच्या आणि माझंही वजन वहीत जायला लागलं! ते थांबवायला आम्ही लहान बाळांचा काटा मागवला.

पहिल्याच रविवारी वहीत पन्नास ग्रॅम घट लागली. शेऱ्यात आजोबांनी लिहिलं, 'समाधानकारक'.

जिम नको, कुरिअरचा खोका पुरे

मांजराला फिरायला नेता येत नाही, ट्रेडमिलवर चढवता येत नाही. पण शिकार करायला लावता येतं. काठीला दोरी आणि दोरीला पीस बांधून पाच-दहा मिनिटांचा खेळ, दिवसातून दोन-तीनदा. सुरुवातीला बाकर आडवा पडून एक पंजा हलवायचा, तेवढाच कार्डिओ. मग आम्ही ड्राय फूड वाडग्यात देणं बंद केलं. अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये, कुरिअरच्या खोक्यात, पुस्तकांच्या कपाटावर चार-चार दाणे लपवले. शोध आणि खा! लेझर लाइट वापरत असाल तर डोळ्यांवर मारू नका आणि शेवट एखाद्या दाण्यावर करा. हाती काहीच लागलं नाही तर मांजर वैतागतं.

वजन उतरेल तसा तो स्वतःहूनच हलायला लागला. डिसेंबरात एका सकाळी मी कॉलवर होते आणि मागे काहीतरी पडलं. वळून बघते तर बाकर खिडकीच्या कट्ट्यावर! तुळशीची कुंडी खाली, हा वर. कुंडीचा राग आलाच नाही.

सगळं सरळ झालं असं समजू नका. डिसेंबरात ६.२ वर गाडी पुन्हा अडली आणि डॉक्टरांनी बजेट आणखी थोडं कमी केलं. रात्री तीनला छातीवर बसून ओरडणं, ओट्यावरची चोरी, सगळं झालं. पहाटेच्या आरड्याला उठून खायला घातलं की संपलं, तो रोज उठवणार. आम्ही टायमरवर उघडणारा डबा लावला. आता तो डब्यावर ओरडतो.

या आधी हे वाचा!

• वरून बघा: कंबर दिसते का? कुशीला हात लावा: पातळ दुलईखाली असाव्यात तशा बरगड्या सहज लागतात का? नसतील तर डॉक्टरांकडे न्या.

• आधी तपासणी, मग डाएट. मधुमेहासारखा आजार असेल तर प्लॅन वेगळा लागतो.

• उपास कधीही नाही. चोवीस तास काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. 'उद्या बघू' नको.

• खाणं काट्यावर मोजा. ट्रीट दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत आणि त्याच बजेटमधून.

• दर आठवड्याला एकाच काट्यावर, एकाच वेळी वजन.

• घरात दोन मांजरं असतील तर जेवणं वेगळ्या खोल्यांत.

• डाएट नसतानाही वजन उतरत असेल तर खूश होऊ नका. ते आजाराचं लक्षण असू शकतं.

• शेजारी, वॉचमनकाका, कामवाल्या मावशी, सगळ्यांना टीममध्ये घ्या. एकट्याने होत नाही.

ताजा आकडा

मार्चमधल्या रविवारी वहीत ५.९ लागलं. टार्गेट अजून चारशे ग्रॅम दूर आहे, पण डॉक्टरांना घाई नाही आणि मलाही नाही. आजोबांनी शेऱ्यात लिहिलंय, 'प्रगती उत्तम, चाल सावकाश'.

परवा पुन्हा लसीची वेळ आली. नवीन घेतलंच नव्हतं, जुन्याच कॅरिअरला झिप बसवून आणली होती. दार उघडून ठेवलं. बाकर आत गेला, गोल फिरला, बसला. चक्क जागा उरली!

मग त्याला कुठे जायचंय ते कळलं. तो बाहेर आला आणि थेट आजोबांच्या पलंगाखाली. आता तो तिथे मावतो ना!